मीटर म्हणतो २००, जॉब म्हणतो नाही: घरी बनवलेल्या पावडर कोटिंग ओव्हनचं तापमान

पावडर कोटिंग म्हणजे धातूवर रंगाची कोरडी पावडर फवारून ती ओव्हनमध्ये वितळवून पक्की करणं. एका बॅचला सगळे जॉब, म्हणजे रंगवायच्या वस्तू, झकास निघतात. पुढच्या बॅचला वरच्या हुकावरचा पांढरा रंग पिवळसर पडलेला असतो. खालच्या हुकावरचा जॉब दिसायला चकचकीत, पण स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने जरा दाबलं की टवका उडतो. तिसरी बॅच पुन्हा बरी. पावडर तीच, वेळ तेवढाच, मीटरवरचा आकडाही तोच, २००. माझ्या ओव्हनमध्ये हे जवळजवळ चार महिने चाललं होतं. घरी ओव्हन बांधणाऱ्या ज्या ज्या माणसाशी बोललो, त्याच्याकडे याच दुखण्याचा कुठला ना कुठला प्रकार निघाला, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

आधी ओव्हनबद्दल. आतलं माप १ मीटर बाय १ मीटर, उंची दीड मीटर. पत्र्याची पेटी, तिच्याबाहेर दुसरी पेटी, मध्ये ७५ मिमी रॉकवूल, म्हणजे उष्णता अडवणारी दगडी लोकर. २ किलोवॅटचे तीन हीटर, मागच्या भिंतीत एक पंखा, के टाइप थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा तापमान मोजणारा सेन्सर), पीआयडी कंट्रोलर (सेन्सरचा आकडा बघून हीटर कमीजास्त चालवणारा) आणि एसएसआर (हीटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच). बहुतेकांची मांडणी थोड्याफार फरकाने अशीच असते.

तापमान बिघडलं की आपला हात पहिल्यांदा कंट्रोलरकडे जातो. मीही पी, आय, डी चे आकडे बदलत बसलो, ऑटोट्यून, म्हणजे हे आकडे कंट्रोलरलाच ठरवू देणं, पुन्हा पुन्हा चालवलं. पण कंट्रोलर त्याचं काम चोख करत होता. त्याला सांगितलं होतं की सेन्सरचं टोक २०० अंशांवर ठेव, आणि ते टोक तो इमानाने २०० वर ठेवत होता. जॉब कुठे आहे, किती जाड आहे, किती तापला आहे, हे त्याला कळायला मार्गच नव्हता. म्हणून माझं ठाम मत असं की सेन्सरच्या टोकाचं तापमान आणि जॉबच्या धातूचं तापमान यांत किती अंतर आहे हे मोजल्याशिवाय एकही सेटिंग बदलू नये. आणि पीआयडीला हात सगळ्यात शेवटी लावावा.

पावडरच्या खोक्यावर '२०० अंश, १० मिनिटं' असं लिहिलेलं असतं ते धातूच्या तापमानाबद्दल असतं, हवेच्या नव्हे. ते १० मिनिटं धातू २०० ला पोचल्यानंतर सुरू होतात. दीड मिलिमीटर पत्र्याचा ब्रॅकेट हवेच्या मागोमाग तापतो, पण १० मिमी जाड प्लेट सहज १५ ते २० मिनिटं मागे राहते. दोन्ही एकाच बॅचला टांगले आणि मीटरवर २०० आल्याबरोबर घड्याळ लावलं, तर ओव्हन कितीही उत्तम असला तरी जाड प्लेट कच्ची निघणारच.

मोजायचं कसं

दुसरं थर्मोकपल आणि ते लावता येईल असा मीटर घ्या. थर्मोकपल घेणारा साधा मल्टीमीटर चालतो, फक्त त्याची तार काचधाग्याच्या वेष्टनाची हवी. टोक हवेत लोंबकळत ठेवून काहीच कळणार नाही. ते धातूला घट्ट भिडलं पाहिजे: एखाद्या भंगार जॉबला छोटं भोक पाडून वॉशर आणि बोल्टखाली दाबा. ओव्हन गार असताना सुरुवात करा आणि दर दोन मिनिटांनी दोन आकडे वहीत लिहा, कंट्रोलरचा आणि जॉबचा. हे तीनदा करा, जॉब एकदा वर, एकदा मध्ये, एकदा खाली. एक संध्याकाळ जाते, पण नंतरचे कित्येक आठवडे वाचतात. माझ्या पहिल्या फेरीत कंट्रोलर २०० वर स्थिर झाल्यावर वरचा जॉब २१४, मधला १९३ आणि खालचा १७१ होता.

दोन मीटरच आपसात भांडत असतील तर खरा कोण, हे आधी ठरवायला हवं. दोन्ही सेन्सर उकळत्या पाण्यात काही सेंटिमीटर खोल, भांड्याला न टेकवता धरा. समुद्रसपाटीला १०० अंश दिसले पाहिजेत. उंचावर राहत असाल तर दर ३०० मीटरला साधारण एक अंश कमी धरा. साध्या के टाइप थर्मोकपलला अडीच अंशांची सूट मानकातच दिलेली असते, तेव्हा दोन अंशांच्या फरकामागे धावू नका. आठ-दहा अंश फरक असेल तर मात्र सेन्सरची किंवा जोडणीची तपासणी करायची.

लेझर ठिपक्याच्या बंदुकीबद्दल वेगळं सांगतो, कारण तिच्यामुळे बरेच जण फसतात. चकचकीत उघड्या धातूवर ती खऱ्यापेक्षा खूप कमी आकडा दाखवते. पावडर वितळून बसलेल्या पृष्ठभागावर आकडा बऱ्यापैकी जमतो. पण दाराच्या काचेतून मोजलंत तर आतला जॉब दिसत असूनही बंदूक काचेचंच तापमान सांगते, कारण ज्या उष्णतेच्या किरणांवर ती चालते ते काचेतून पार होत नाहीत. आणि दार उघडून मोजायचं म्हटलं तर तेवढ्यात हवा निघून गेलेली असते. झटपट अंदाज घ्यायला बंदूक ठीक आहे, निदान मात्र चिकटवलेल्या थर्मोकपलनेच करावं.

सेन्सर आणि त्याची तार

थर्मोकपल उलटं जोडलं असेल तर ओव्हन तापताना आकडा खाली जातो, त्यामुळे ही चूक लगेच सापडते. घातक प्रकार म्हणजे दोन ठिकाणी उलटं जोडलेलं, एकदा सेन्सरच्या डोक्याशी आणि एकदा कंट्रोलरपाशी. मग आकडा वर जातो, सगळं सुरळीत वाटतं, पण सेन्सरच्या डोक्याशी आणि कंट्रोलरपाशी तापमानात जेवढा फरक असेल त्याच्या दुप्पट चूक आकड्यात राहते. ओव्हनचं अंग तापत जातं तशी चूकही वाढत जाते. तारांचे रंग मानकागणिक बदलतात, म्हणून मी लोहचुंबक वापरतो. के टाइपची उणे तार चुंबकाला हलकीशी ओढली जाते, अधिक तार ओढली जात नाही.

तार आखूड पडली म्हणून साधी तांब्याची वायर जोडू नका. के टाइपचीच वाढीव तार मिळते. तांबं जोडलं की सांध्याचं आणि कंट्रोलरचं तापमान जितकं वेगळं तितकी चूक आत शिरते, आणि तो सांधा बहुधा ओव्हनच्या गरम पाठीलाच असतो. सकाळची पहिली बॅच बरी आणि दुपारची बिघडलेली, असं होत असेल तर सगळ्यात आधी हा सांधा शोधा.

कंट्रोलरमधली सेन्सरच्या जातीची सेटिंगही बघा. सेन्सर 'के' टाइपचा आणि सेटिंग 'जे' टाइपची असं असेल, तर खरे २०० अंश असताना पडद्यावर १५५ च्या आसपास आकडा दिसतो. तुम्ही २०० मागितलेत की कंट्रोलर ओव्हन २५० च्याही वर नेतो आणि पावडर जळते. वीज गेल्यावर किंवा कुणी बटणं दाबल्यावर सेटिंग मूळ पदावर गेलेली मी स्वतः पाहिली आहे.

आता सेन्सरची जागा. माझ्या ओव्हनचं अर्धं दुखणं इथेच होतं. हीटर डाव्या भिंतीला, खालच्या अंगाला, उघडे. सेन्सर समोर उजव्या भिंतीला, मधल्या उंचीवर. तापलेली कॉईल आणि सेन्सर यांच्यामध्ये काहीच नसेल तर कॉईलची धग सरळ सेन्सरवर पडते. हवा १८५ असली तरी टोक २०० दाखवतं. लहान जॉब टांगले की असंच व्हायचं आणि सगळी बॅच कच्ची निघायची. मोठा सपाट पत्रा टांगला की तो मध्ये आडवा यायचा, सेन्सर सावलीत जायचा, कंट्रोलर हीटर जास्त चालवायचा आणि वरचे जॉब पिवळे पडायचे. बॅचगणिक बदलणाऱ्या या दुखण्याचं मूळ कंट्रोलरमध्ये नव्हतं, त्या दिवशी मी काय टांगलं होतं त्यात होतं.

सेन्सरचं टोक भिंतीपासून निदान ४० ते ५० मिमी पुढे, वाहत्या हवेत, जॉबच्या उंचीच्या पट्ट्यात असावं. हीटरकडे त्याची थेट नजर नसावी. जागा बदलता येत नसेल तर पत्र्याची छोटी आडोशाची पट्टी लावा, पण हवा अडणार नाही अशी. भिंतीला टेकलेलं टोक भिंतीचंच तापमान सांगतं. जाड चिनीमातीच्या नळीतला सेन्सरही टाळा. तो इतका उशिरा जागा होतो की त्याला २०० कळेपर्यंत हवा २२० ला गेलेली असते, आणि आपण दोष पीआयडीला देतो. ३ मिमी जाडीचा स्टीलच्या नळीतला सेन्सर पुरेसा चपळ असतो.

हवा फिरते आहे का

गरम हवा वर जाते, त्यामुळे पंखा नसलेल्या दीड मीटर उंच पेटीत वर-खाली ४० अंशांचा फरक पडला तरी नवल नाही. पण पंखा आहे म्हणजे हवा फिरते, असंही नाही. पंखा आपल्याच तोंडासमोरची हवा घुसळत बसतो आणि कोपरे तसेच निपचित राहतात.

ओव्हन गार असताना, हीटर बंद ठेवून, पातळ कागदाच्या पट्ट्या आठ-दहा ठिकाणी टांगा आणि नुसता पंखा चालवा. एरवी जसे जॉब टांगता तसेच टांगून ही परीक्षा घ्या, कारण रिकाम्या पेटीतलं वारं आणि भरलेल्या पेटीतलं वारं यांचा संबंध नसतो. माझ्याकडे मोठा पत्रा टांगल्यावर पुढच्या अर्ध्या भागातल्या पट्ट्या हलेनात. पत्रा पंख्यासमोर पडद्यासारखा उभा होता.

यावर मी आतल्या डाव्या भिंतीपासून ८० मिमी सोडून एक खोटी भिंत उभी केली आणि हीटर तिच्यामागे घेतले. पंखा मागच्या भिंतीतून काढून या पोकळीच्या माथ्यावर बसवला. आता तो छताजवळची हवा ओढतो, हीटरवरून खाली ढकलतो आणि ती खालच्या लांब फटीतून जॉबखाली बाहेर पडते. यामुळे दोन कामं एकदम झाली: हवेला ठरलेली वाट मिळाली आणि कॉईलची धग जॉबवर व सेन्सरवर थेट पडायची थांबली. खालची फट एका टोकाला अरुंद आणि दुसऱ्या टोकाला रुंद करत करत हवा सारखी वाटली. त्याला पत्र्याच्या सरकत्या पट्ट्या आणि चार फेऱ्यांचं मोजमाप लागलं. वर-खाली फरक ४३ वरून ७ अंशांवर आला. एकट्या या बदलाने जेवढं काम झालं तेवढं बाकी सगळ्यांनी मिळून झालं नाही.

वारा फार जोराचा असेल तर पहिल्या काही मिनिटांत, पावडर वितळून चिकटण्याआधी, कडांवरून उडते. कडा विरळ निघत असतील तर सुरुवातीची पाच-सहा मिनिटं पंख्याचा वेग कमी ठेवा.

पंख्याबद्दल एक खुबी ध्यानात ठेवा. सेंट्रिफ्यूगल ब्लोअर उलटा फिरला तरी हवा त्याच बाजूने बाहेर फेकतो, फक्त खूप कमी फेकतो. तीन फेजच्या मोटरची वायर दुरुस्तीसाठी काढून पुन्हा जोडली आणि दोन फेज अदलाबदल झाल्या, तर हात लावल्यावर वारा जाणवतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. 'वायरिंग केल्यापासून ओव्हन बिघडला' अशी तक्रार असेल तर पात्यांच्या फिरण्याची दिशा बघा. मोटर नेहमी बाहेर असावी, लांब दांडा आत यावा. आणि हीटरचा कॉन्टॅक्टर (कॉईलवर चालणारा मोठा स्विच) पंख्याच्या कॉन्टॅक्टरमधून घ्या, म्हणजे पंखा बंद असताना हीटर लागणारच नाहीत.

तापायला लागणारा वेळ आणि हीटरची ताकद

ओव्हन २०० ला पोचतच नाही, किंवा दर महिन्याला जास्त वेळ घेतो, ही तक्रार निराळी आहे. इथे आधी हिशेब करावा, म्हणजे अपेक्षा किती ठेवायची ते कळतं. माझ्या पेटीचा आतला पृष्ठभाग ८ चौरस मीटर. १ मिमी पत्रा म्हणजे जवळपास ६३ किलो पोलाद. हुक आणि दांड्या १० किलो, जॉब १५ किलो. एकूण ८८ किलो पोलाद ३० वरून २०० वर न्यायला सुमारे २ युनिट वीज लागते. आतली हवा तापवायला त्याच्या मानाने अगदी क्षुल्लक. ६ किलोवॅटने नुसत्या गणिताने २० मिनिटं, आणि भिंतीतून होणारी गळती व लोकर तापण्याचा वाटा धरून अर्ध्या तासाच्या थोडं पुढे. माझा ओव्हन ३३ मिनिटं घेतो. तुम्ही २ मिमी पत्रा वापरला असेल तर जॉबआधी ती भिंतच निम्म्याहून जास्त वीज पिते. आतला पत्रा पातळ ठेवावा तो यासाठी.

एखाद्या महिन्यात ३३ ची ५० मिनिटं झाली तर बहुधा एक हीटर गेलेला असतो. आतून काही दिसत नाही, कारण बाकीचे दोन तापत असतात. क्लॅम्प मीटर प्रत्येक हीटरच्या तारेवर लावून बघा. २ किलोवॅटच्या हीटरला २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर लागले पाहिजेत. वीज पूर्ण तोडून मोजलात तर २६ ते २७ ओहम. करंट शून्य असेल तर निदान सरळच आहे. करंट थोडा कमी असेल तर व्होल्टेज मोजा. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. २३० चे २०० झाले की ६ किलोवॅटचे साडेचारच उरतात.

माझ्याकडे हीटर शाबूत होता, टोकाचा लग (तारेच्या टोकाला दाबून बसवलेला जोडणीचा तुकडा) जळाला होता. तांब्याचा साधा लग ओव्हनच्या आतल्या उष्णतेत काळा पडतो, पकड ढिली होते, ढिल्या सांध्याला आणखी उष्णता सुटते आणि शेवटी तार तुटते. हे काही आठवड्यांत होत जातं, म्हणून लक्षात येत नाही. शक्य असेल तर हीटरची टोकं पेटीच्या बाहेर काढा. आतच ठेवणं भाग असेल तर निकेलचे लग, चिनीमातीचे कनेक्टर आणि काचधाग्याच्या वेष्टनाची वायर. घरातली पीव्हीसी वायर ७० अंशांसाठी असते, ती गरम भिंतीला टेकूही देऊ नका.

ओलसर हवेत काही आठवडे ओव्हन बंद राहिला आणि चालू करताच अर्थ लीकेजचा ब्रेकर पडायला लागला, तर घाबरून नवा हीटर आणू नका. नळीच्या हीटरमधली पांढरी भुकटी दमट होते. हीटर काढून दुसऱ्या एखाद्या ओव्हनमध्ये १०० अंशांच्या थोडं वर काही तास वाळवला की बहुधा तो पूर्ववत होतो. ब्रेकरला बगल देऊन मात्र कधीही चालवू नका.

उष्णता निसटते कुठून

लोकरीतून जाणारी उष्णता मोजता येते: ७५ मिमी जाडी, ८ चौरस मीटर, १७० अंशांचा फरक, एकूण सुमारे ९०० वॅट. पण पोलादातून उष्णता लोकरीच्या हजारपट सहज जाते. दाराची चौकट बनवताना १ मिमी पत्रा आतून बाहेरपर्यंत सलग वाकवला, तर ५ मीटर परिघाच्या त्या पातळ कडेतूनच पाचशे वॅटच्या आसपास निसटू शकतात. एवढी मेहनत घेऊन भरलेल्या लोकरीच्या निम्म्याहून जास्त. आतली आणि बाहेरची पेटी एकमेकींना जितक्या कमी जागी भेटतील तितकं चांगलं. सलग कडेऐवजी मोजके बोल्ट, आणि कड टाळताच येत नसेल तर तिच्यात आलटूनपालटून लांब चिरा पाडा, म्हणजे उष्णतेची वाट लांबते. स्टेनलेस वापरलं तर साध्या पोलादाच्या एक तृतीयांश उष्णता जाते.

त्याचबरोबर पत्रा वाढतो हेही धरा. दीड मीटर पोलाद १७० अंशांनी तापलं की सुमारे ३ मिमी लांबतं. चारही बाजूंनी वेल्ड करून जखडलेली आतली पेटी फुगते, दार वेडंवाकडं होतं, फट पडते. गार झाल्यावर सगळं पुन्हा सरळ, त्यामुळे तपासताना काही सापडत नाही. दाराची तपासणी गरम असतानाच करायची. फट वर असेल तर गरम हवा बाहेर पडते आणि हाताला लगेच कळते. फट खाली असेल तर तिथून गार हवा आत शिरते, हाताला काहीच जाणवत नाही, आणि खालचे जॉब कच्चे राहतात. खालच्या फटीशी कागदाची बारीक पट्टी धरा, ती आत ओढली जाते. दाराला काचधाग्याची विणलेली दोरी लावा. स्वस्त रबरी पट्ट्या या तापमानाला थोड्याच दिवसांत कडक होऊन चिरतात.

बऱ्याच कंट्रोलरवर हीटर किती टक्के चालू आहे ते दिसतं. ओव्हन नीट असताना, २०० वर स्थिर झाल्यावरचा तो आकडा दारावर लिहून ठेवा. माझा २५ च्या आसपास असतो. तो ४० झाला की दोरी, दार किंवा धुराच्या भोकाची झडप बघायची वेळ आली. गळतीची सूचना इतक्या स्वस्तात दुसरीकडून मिळत नाही.

नवीन ओव्हनची पहिली तापवणी रिकामीच करा, २२० वर दोन-तीन तास, दारं-खिडक्या उघडून. रॉकवूलमधला चिकट द्रव जळतो, धूर आणि वास येतो. तो पांढऱ्या जॉबवर बसला तर तापमानाचा दोष समजून आपण भलतीकडेच शोधत राहतो.

आता पीआयडी

वरचं सगळं झालं की मगच ऑटोट्यून. तेही रोजच्याइतका लोड टांगून, पंखा चालू ठेवून, २०० च्याच सेटिंगवर. रिकाम्या ओव्हनवर ट्यून केलेला कंट्रोलर भरलेल्या ओव्हनमध्ये चुकीचे अंदाज बांधतो. तरीही पहिल्यांदा आकडा २१५ पर्यंत उसळत असेल तर आधी १७० वर सेट करा, तिथे पोचला की २०० करा. तापमान ठरावीक गतीने वाढवायची सोय कंट्रोलरमध्ये असेल तर ती वापरा.

सायकल टाइम, म्हणजे हीटर चालू-बंद व्हायचं एक आवर्तन किती सेकंदांचं, ते बघा. एसएसआरला १ किंवा २ सेकंद चालतात. कॉन्टॅक्टरला तेवढेच ठेवलेत तर तो दिवसभर टकटक करेल आणि काही महिन्यांत त्याचे पॉइंट चिकटतील. त्याला १५ ते २० सेकंद द्या. कंट्रोलर विकत घेतानाही आउटपुट रिलेचा आहे की एसएसआरसाठीच्या डीसी व्होल्टेजचा, हे मीटर लावून पडताळा. एसएसआरचा दिवा लागतच नाही, ही तक्रार बऱ्याचदा इथे संपते.

एसएसआर स्वतः तापतो, अँपिअरमागे साधारण एक वॅटपेक्षा थोडं जास्त. २६ अँपिअर म्हणजे ३० वॅट, एका छोट्या डब्यात. हीटसिंकशिवाय ४० अँपिअरचा एसएसआर तेवढा करंट पेलत नाही. मी तीन हीटरना तीन वेगळे एसएसआर लावले, मध्ये उष्णता वाहणारी पेस्ट, आणि कंट्रोल बॉक्स ओव्हनच्या अंगापासून दूर. बिघडला की एसएसआर बहुधा चालू अवस्थेतच अडकतो. कंट्रोलर शून्य टक्के दाखवतो आणि तापमान चढतच राहतं. शिवाय बंद असतानाही त्यातून थोडा करंट झिरपतो, म्हणून हीटरला हात लावण्याआधी मेन स्विच पाडा.

हे सोडू नका

अडकलेल्या एसएसआरसाठी स्वतंत्र मर्यादक हवा. वेगळा सेन्सर, वेगळं उपकरण, २४० ला सेट केलेलं, हाताने रीसेट होणारं, आणि ते कॉन्टॅक्टरची कॉईल तोडून हीटरची वीज पूर्ण काढून घेणारं. कंट्रोलरमधलाच अलार्म रिले पुरेसा नाही, कारण तो त्याच सेन्सरवर विसंबून असतो. थर्मोकपलची तार ओव्हनबाहेर कुठे चिरडून दोन्ही धागे एकमेकांना टेकले, तर कंट्रोलरला त्या टेकल्या जागेचं, म्हणजे जवळजवळ खोलीचं तापमान दिसतं. तो पूर्ण ताकदीने हीटर चालवत राहतो, आणि अलार्म वाजत नाही. सेन्सर भिंतीतून निसटून बाहेर आला तरी तेच. मर्यादक बसवल्यावर तो खरंच वीज तोडतो का, हे महिन्यातून एकदा सेटिंग १५० वर आणून पाहतो.

दोन्ही पेट्या आणि दार यांना अर्थिंग हवंच, आणि मेनची जोडणी जाणकार वायरमनकडून करून घ्या. पावडर फवारण्याची जागा ओव्हनपासून लांब ठेवा, हवेत तरंगणारी पावडर पेट घेऊ शकते. या ओव्हनमध्ये अन्न कधीही तापवू नका.

काही दोष तापमानाचे वाटतात पण नसतात. ओतीव ॲल्युमिनियमवर बारीक फोड आणि छिद्रं येणं हा धातूत अडकलेल्या वायूचा प्रकार असतो. असा जॉब पावडर मारण्याआधी बेकपेक्षा थोड्या जास्त तापमानाला तापवून गार करून घ्यावा. माशाच्या डोळ्यासारखे खळगे तेलामुळे येतात. ओव्हनला दोष देण्याआधी जॉब कसा धुतला होता ते आठवा.

जॉब पिकला की नाही याची परीक्षा मी अजूनही मीटरवर सोडत नाही. प्रत्येक बॅचला खालच्या हुकावर, सगळ्यात गार कोपऱ्यात, त्याच पावडरची एक छोटी पट्टी टांगतो. गार झाल्यावर, ओव्हनपासून दूर, हातमोजे घालून, एमईके सॉल्व्हंटमध्ये भिजवलेला कापूस तिच्यावर पन्नास वेळा पुढे-मागे घासतो. नीट पिकलेल्या पट्टीवर चमक टिकते आणि कापसावर फार तर रंगाची छटा येते. कच्ची असेल तर पृष्ठभाग मऊ होतो, कापूस रंगतो. मग जॉब बाहेर द्यायचे नाहीत, पुन्हा टांगायचे आणि धातू २०० ला पोचल्यापासून पूर्ण १० मिनिटं मोजायची. खोटी भिंत आणि सेन्सरची जागा बदलल्यानंतर एकदाच पट्टी कच्ची निघाली. त्या दिवशी दाराच्या खालच्या कोपऱ्यातली दोरी निसटली होती.